पाच शिलिंग दंड

यंदाचा नाताळ साधेपणानं करायचा, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. एरवी वर्षभर साध्या राहणीचे विचार त्याच्या वाटेला जात नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटी माळ्यावरून नाताळचं झाड काढायची वेळ आली की ते एकदम दाटून येतात. शिडी कोणी धरायची, दिव्यांच्या माळांचा गुंता कोणी सोडवायचा आणि नेमका कुठला दिवा गेल्यामुळे अख्खी माळ बंद आहे हे कोणी शोधायचं, असले प्रश्न समोर उभे राहिले की भल्याभल्यांना वैराग्य येतं.

त्यानं रीतसर बैठक बोलावली. जेवणाच्या टेबलाशी सासूबाई, मी, कॉलेजातली लेक, धाकटा मुलगा आणि वही घेतलेला नवरा. वहीत दोन रकाने, 'ठेवायचं' आणि 'सोडायचं'. चर्चच्या पंचकमिटीवर बसून बसून त्याला ठरावाशिवाय कुठलंच काम सुरू करता येत नाही. ठराव झाल्यावरही ते सुरू होतंच असं नाही, पण ती कमिटीची रीतच आहे.

'सोडायचं'चा रकाना भराभर भरला. नीट पाहिलं तेव्हा कळलं की प्रत्येकानं दुसऱ्याचं काहीतरी सोडलं होतं. नवऱ्यानं फराळ सोडला. म्हणजे करणं सोडलं. खाण्याबद्दल ठरावात उल्लेख नव्हता. लेकीनं प्लॅस्टिकची सगळी सजावट सोडली. मुलानं चोवीस तारखेची घरझाड सोडली. मी कॅरल पार्टी सोडली; त्याचं कारण पुढं येईलच. सासूबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि फक्त झाड सोडलं. म्हणाल्या, "इतकी वर्षं बघतेय, त्याला फळ येत नाही."

नवऱ्याकडे इतिहासाचा पुरावाही तयार होता. आम्ही मूळचे नगरचे. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झालंय, सासूबाईंच्या तोंडी मात्र नगरच राहणार. आमच्या पूर्वजांना येशूची ओळख करून दिली ती अमेरिकन मराठी मिशननं. ही मंडळी 1813 मध्ये मुंबईत उतरली, 1831 मध्ये नगरला आली, त्यांनी शाळा काढल्या, 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला. पण त्यांचं मूळ कुठलं? बॉस्टनकडचं, न्यू इंग्लंडचं. आणि तिथले त्यांचे वाडवडील म्हणजे प्युरिटन लोक. त्यांना नाताळ डोळ्यांसमोर नको असायचा. पंचवीस डिसेंबर बायबलात कुठं लिहिलाय ते दाखवा, असा त्यांचा रोकडा सवाल. नुसता सवाल करून ते थांबले नाहीत. 1659 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत त्यांनी कायदाच केला: नाताळच्या दिवशी कामधंदा बंद ठेवून किंवा मेजवानी करून जो कोणी सण पाळेल त्याला पाच शिलिंग दंड. 1681 मध्ये हा कायदा उठला, पण त्या मुलखाची नाताळवरची खप्पामर्जी पुढं दीडएकशे वर्षं तरी टिकली. मिशनरी नगरला पोचले तेव्हा त्यांच्या देशात नाताळची सरकारी सुट्टीसुद्धा नव्हती. ती 1870 मध्ये मिळाली.

"म्हणजे परंपरेनं बघायला गेलं तर," वहीवर पेन्सिल आपटत नवरा म्हणाला, "आपण नाताळ करताच कामा नये."

सासूबाईंनी विचारलं, "पाच शिलिंग म्हणजे आताचे किती?"

लेकीनं हिशेब केला. पाव पौंड. आताच्या भावानं पंचवीस-तीस रुपये.

"मग भरून टाक," सासूबाई म्हणाल्या, "आणि खोबरं किसायला बस."

सासूबाईंचं आवडतं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांचं बिऱ्हाडही एके काळी नगरला होतं. मोठा माणूस, मोठा कवी. पण घरात पीठ आहे की नाही हे न बघता पाहुणे आणणारा आणि खिशात असेल ते वाटून मोकळा होणारा. त्यामुळे घरातल्या पुरुषानं संसाराविषयी उदात्त काही मांडायला घेतलं की सासूबाई एवढंच म्हणतात, "लक्ष्मीबाईंना विचारा."

फराळ सोडायचा म्हणजे काय, हे नवऱ्याला माहीत नव्हतं असं नाही, त्यानं त्या बाजूला कधी पाहिलं नव्हतं इतकंच. मिशनरी साहेबांनी शुभवर्तमान आणलं, त्याबरोबर मेजवानीचा बेत काही आणला नाही. त्यांच्याकडे तो नव्हताच. मग आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी विचार केला असणार की देवाचा पुत्र जन्माला आलाय आणि घरात कढई चढत नाही, हे काही बरं दिसत नाही. मोठ्या सणाला काय करतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, लाडू. धर्म बदलला म्हणून चकलीचं पीठ कोण बदलतं? केक नंतर आला. तोसुद्धा घरात कुठला, मैदा-साखर-डालडा घेऊन बेकरीत जायचं, भट्टीपाशी नंबर लावायचा आणि आपलाच केक आपल्याला परत मिळतोय ना, यावर डोळा ठेवून बसायचं.

पण फराळ सोडता न येण्याचं खरं कारण धर्मात नाही, फ्रिजवर आहे. तिथं दिवाळीपासून डबे रचलेले असतात. शेजारच्या काकूंचा, वरच्या वहिनींचा, समोरच्या आजींचा. दिवाळीत प्रत्येक घरातून भरलेला डबा येतो आणि रिकामा डबा परत करायचा नसतो, हे महाराष्ट्रात लहान मुलालाही कळतं. म्हणजे नाताळचा फराळ आम्ही हौसेनं करतो हा गैरसमज आहे. तो दिवाळीतच आमच्या अंगावर चढलेला असतो. त्यातल्या एका स्टीलच्या डब्यावर 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं आहे. या गृहस्थांना आम्ही कोणी पाहिलेलं नाही, पण दर डिसेंबरात त्यांच्या स्मरणार्थ आमच्याकडून वीस करंज्या जातात. आता त्यांचा डबा रिकामा पाठवायचा, तेही आपला साधेपणा म्हणून? त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? शिवाय आमच्या फराळाला एक फायदा आहे जो दिवाळीच्या फराळाला नाही. त्या दिवसांत सगळ्यांच्या घरी सगळं असतं, त्यामुळे कोणाच्या चकलीचं कोणाला कौतुक नसतं. डिसेंबरात घरोघरचे डबे खडखडाट झालेले असतात. तेव्हा दारात आलेल्या चकलीला जो मान मिळतो तो बघून घ्यावा. केकचं मात्र जरा सांभाळावं लागतं. मार्गशीर्षातले गुरुवार असतात, त्यामुळे एक घाणा अंड्याचा, एक बिनअंड्याचा, आणि कुठला कुठला हे मी चिठ्ठी लावून ठेवते. चिठ्ठ्या मुलगा बदलतो असा मला संशय आहे.

शेवटी तडजोड झाली. पदार्थ कमी करायचे, आणि जे करायचे ते सगळ्यांनी मिळून. अनारसे आणि शेव गेले. करंज्या राहिल्या. एका रविवारी दुपारी टीव्ही बंद करून सगळ्यांना जमिनीवर कागद अंथरून बसवलं. मुलगा पाऱ्या लाटत होता; त्या गोल नव्हत्या, पण त्यांत महाराष्ट्राचे बहुतेक जिल्हे ओळखू येत होते. लेक सारण भरत होती. नवऱ्याकडे कडा मिटवायचं काम. सासूबाईंनी त्याला दाखवलं: कडेला दुधाचं बोट फिरवायचं, पारी दुमडायची, हवा काढायची, कड दाबायची. कातण फिरवायचं नाही. कातण आळशी बायकांसाठी. मग अंगठा आणि तर्जनी यांत कडेचा टोकाचा भाग धरून आत वळवायचा, दाबायचा, पुढचा धरायचा, वळवायचा, दाबायचा. त्यांची बोटं सांधेदुखीनं वाकडी झाली आहेत, जपमाळेतले मणी ओढावेत तशी ती त्या कडेवरून सरकत गेली आणि मागं वेणीसारखी मुरड उमटत राहिली. नवऱ्याच्या पहिल्या करंजीची मुरड छान दिसत होती. तेलात पडल्यावर तिनं तोंड उघडलं आणि सगळं सारण कढईभर केलं. खोबरं जळून काळे ठिपके तेलावर तरंगू लागले. "हे तेल गाळायचं कोणी?" असं त्यानंच विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही, त्यामुळे ते त्यानंच गाळलं.

आता लेकीचा साधेपणा. तिनं त्यावरचे व्हिडिओ पाहिले होते. त्यांत बाहेर बर्फ पडत असतो, आत लाकडी टेबल असतं, टेबलावर एकच मेणबत्ती असते आणि घरात पसारा घालणारं एकही माणूस नसतं. प्लॅस्टिक बंद, सगळं नैसर्गिक, असं तिनं जाहीर केलं आणि नैसर्गिक वस्तूंची यादी दिली. तागाची दोरी, तपकिरी कागद, पाइनचे शंकू, दालचिनीच्या कांड्या, मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या. एवढ्या पैशांत प्लॅस्टिकची सजावट आमच्या नातवंडांपर्यंत पुरली असती. साधेपणा हल्ली फार महाग झालाय, आणि तो घरपोच येतो तेव्हा त्याच्याभोवती बुडबुड्यांचं प्लॅस्टिक गुंडाळलेलं असतं.

प्लॅस्टिकचं झाड माळ्यावरच राहिलं. सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी नगरला सुरूची फांदी आणून वाळू भरलेल्या डालड्याच्या डब्यात रोवायचे. पण आता इथं पुण्यात सुरूची फांदी तोडायला गेलं तर पाच शिलिंगांवर भागणार नाही. मग गॅलरीतल्या कढीपत्त्याची कुंडी आत आली. तो उंच आहे, हिरवा आहे आणि घरचाच आहे. लेकीनं त्याला दालचिनीच्या कांड्या बांधल्या. नागपुरी संत्र्यांच्या गोल चकत्या ओव्हनमध्ये तासन्‌तास वाळवून त्या टांगल्या. उजेडात धरल्या की त्या रंगीत काचेसारख्या दिसायच्या, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी रांग लावली आणि कुंडीभोवती हळदीची रेघ ओढावी लागली. सासूबाई रोज त्या चकत्यांकडे बघून हळहळायच्या. हंगामातलं संत्रं माणसानं सोलून खावं, टांगून काय ठेवायचं!

बाकी या झाडाला फळ येत नसलं तरी फोडणी येत होती. चिवड्याला कढीपत्ता लागतो, तो हातासरशी तोडला गेला. रोजच्या आमटीला लागतो. शेजारच्या काकू सजावट बघायला आल्या, कौतुक केलं आणि जाताना चार काड्या घेऊन गेल्या. दालचिनीची एक कांडी पुलावात सापडली. चोवीस तारखेला झाडाचा शेंडा हिरवा होता, मधे काड्या होत्या आणि खाली संत्री. लेकीनं त्याचा फोटो टाकला. त्याला पुष्कळ लोकांनी बदाम दिले आणि हे कुठल्या देशातलं झाड म्हणून एकीनं विचारलं.

शुभेच्छापत्रांचा विषय मीच काढला. सासरे होते तेव्हा डिसेंबरात रोज रात्री बसून कार्डं लिहायचे, प्रत्येकावर दोन ओळी त्या त्या माणसापुरत्या. आता नवरा चमचमणारी एकच गव्हाणी सगळ्या गटांना एका बोटानं ढकलतो. ती गव्हाणी त्याला ज्यांच्याकडून आली त्यांनाही परत जाते. पण गंमत अशी की कार्ड हीसुद्धा मुळात कामचुकारपणातूनच निघालेली वस्तू. 1843 मध्ये लंडनच्या हेन्री कोल या कामात बुडालेल्या गृहस्थांना नाताळात आलेल्या पत्रांची उत्तरं लिहायला सवड नव्हती. त्यांनी हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजार प्रती छापल्या. वर नाव घातलं, खाली सही केली की काम झालं. त्यांनी पत्रं सोडून नाताळ सोपा केला, आणि पुढच्या पिढ्यांच्या बोकांडी कार्डं बसली. आम्ही कार्डं सोडली, तर गव्हाण्या येऊन बसल्या. यंदा ठरलं की गव्हाणी कोणालाच पाठवायची नाही. ज्यांची खरोखर आठवण येते त्यांना फोन करायचा. पहिला फोन नवऱ्यानं राहुरीच्या आत्यांना केला. आत्यांनी दोन तास सोडलं नाही. त्यानंतर बाकीचे फोन त्यानं चालता चालता, बाहेर पडता पडता केले.

भेटवस्तूंसाठी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याचं नाव येईल त्याला एकच वस्तू द्यायची, आणि ती त्याच्या उपयोगाची हवी. सोहळ्याला धार्मिक अधिष्ठान म्हणून नवऱ्यानं मागी लोकांचा दाखला दिला: सोनं, ऊद आणि गंधरस, मोजून तीन वस्तू. सासूबाईंना या मागी लोकांविषयी जन्मापासून तक्रार आहे. बाळंतिणीच्या घरी कोणी ऊद घेऊन जातं का? डिंकाचे लाडू न्यावेत, अहाळीव न्यावा. मी सांगितलं की गंधरस हा झाडाचा डिंकच असतो. त्यावर त्या बराच वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "मग लाडू वळून न्यायला काय झालं होतं?"

चिठ्ठ्यांचा निकाल पंचवीसला लागला. लेकीला तिच्या भावाकडून मोबाइल ठेवायचा लाकडी ठोकळा मिळाला, जो त्यालाच हवा होता. नवऱ्याला माझ्याकडून शिडी मिळाली. मला लेकीकडून मधमाश्यांच्या मेणाची उरलेली मेणबत्ती. मनासारखी वस्तू मिळालेलं एकच माणूस घरात होतं, ते म्हणजे सासूबाई. गुडघ्याचा पट्टा, नेमका हवा त्या मापाचा, हवा त्या कंपनीचा. कोणी दिला म्हणून विचारलं तर गालातल्या गालात हसल्या. चिठ्ठीत त्यांचंच नाव निघालं होतं आणि त्यांनी ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

राहिली कॅरल पार्टी. चर्चची तरुण मंडळी डिसेंबरातल्या रात्री टेम्पोत बसून घरोघर फिरतात. ढोलक, खंजिरी, एक गिटार, गुलाबी गालांचा मुखवटा घातलेला आणि पोटाला उशी बांधलेला सांताक्लॉज. चौथ्या शतकातले मायराचे बिशप संत निकोलस यांच्यापासून हे सोंग निघालं म्हणतात. त्या बिशपांना पुण्यात चार मजले जिने चढावे लागले नाहीत, म्हणून ते दानशूर राहिले. पत्रकावर आमच्या घराची वेळ साडेनऊची असते. प्रत्यक्षात ते येतात रात्री एकला. तोवर जागायचं, पंचवीस जणांचा चहा, सँडविच, थंड पेयं, फराळाच्या ताटल्या. लाउडस्पीकर दहानंतर चालत नाही, तो ते लावतही नाहीत. पण ढोलकवाल्या पोराला कुठलाही कायदा लागू नाही. एका वर्षी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कानटोपी घालून, शाल गुंडाळून तक्रार करायला वर आले. पोरं त्या वेळी टिळकांचं भजन रंगात येऊन म्हणत होती. सेक्रेटरींनी ते उभ्यानं ऐकलं, चहा घेतला आणि म्हणाले, "छान आहे, पण ते जिंगल बेल्स म्हणा की." आता जिंगल बेल्स या गाण्यात नाताळचं नावसुद्धा नाही. 1857 चं अमेरिकन गाणं आहे ते, घोड्याच्या घसरगाडीवरचं. पोरांचे चेहरे पडले. पण त्यांनी ते म्हटलं, आणि सेक्रेटरींनी चुटक्या वाजवल्या.

मी कॅरल पार्टी सोडली ती या जागरणामुळं. सासूबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी भाजी निवडताना म्हणाल्या की रात्रीच्या कुठल्या कार्यक्रमाला आता आपल्याला जाता येत नाही. एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. मग मी गायन मंडळाच्या पोराला फोन करून आमचं घर यादीत पहिलं घ्यायला लावलं. पहिलं म्हणजे संध्याकाळी सातला, म्हणजे ते आले साडेआठला. खाण्याचं सासूबाईंनी ठरवलं: एकच पातेलं, हुलग्याचे शेंगोळे. कणीक घालून मळलेलं हुलग्याचं पीठ, त्याच्या बोटाएवढ्या वळलेल्या वळ्या, लसूण-मिरचीच्या पाण्यात रटरट शिजलेल्या. नगरकडं थंडीतलं जेवण हेच. पेस्ट्रीच्या अपेक्षेनं आलेल्या पोरांनी वाटीत डोकावून एकमेकांकडे पाहिलं. सांताक्लॉजनं मुखवटा कपाळावर सरकवून पहिला घास घेतला. त्यानं तिसऱ्यांदा वाटी पुढं केली तेव्हा पातेल्याचा तळ दिसत होता, आणि पुढच्या घरी जायला त्यांना इतका उशीर झाला की तिथल्या बाईंचा मला रागावून फोन आला.

पंचवीसच्या सकाळच्या भक्तीत पाळकसाहेबांनी गव्हाणीच्या साधेपणावर उपदेश केला. तो सव्वा तास चालला. पुढच्या तीन रांगा पैठण्यांच्या होत्या.

दुपारी डबे वाटायला मुलगा आणि नवरा निघाले. फ्रिजवरचा मनोरा रिकामा झाला, 'कै.'चा डबाही गेला, आणि सगळी खाती मिटली असं वाटून मी जरा टेकले. पण खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली दोन घरं होती. दिवाळीत ती नव्हती, त्यामुळं त्यांचा डबा आमच्याकडे नव्हता. सासूबाईंनी परस्पर आमच्याच घरची ताटं भरून, वर विणलेले रुमाल टाकून पाठवली होती. संध्याकाळी त्यांतल्या एकीचा फोन आला. करंज्या कोणी केल्या, मुरड कोणी घातली, सगळी चौकशी झाली, आणि मग म्हणाली, "ताट राहू दे हं काकू माझ्याकडे. असं रिकामं कसं देऊ? संक्रांतीला आणते."

म्हणजे ते तिळाच्या वड्या घेऊन येणार. मग ते ईस्टरला पुन्हा भरून जाणार. आमचं एक मोठं ताट तर गेल्या ईस्टरपासूनच बेपत्ता आहे. ते समोरच्या आजींकडे आहे हे सासूबाईंना पक्कं माहीत आहे, पण त्या मला विचारू देत नाहीत. विचारलं तर आजी ते भरून पाठवतील.